सहा व्होल्ट

“गाडी चार्ज करत नाही,” असं म्हणत कुणी जावा मोटरसायकल ढकलत आणली, की मामा हातातलं काम न सोडता विचारायचा, “दिवा विझतोय का?”

आलेला माणूस हेडलाइटबद्दल बोलायला लागायचा. मामाला हवी असायची ती हेडलाइटच्या घुमटावरच्या छोट्या लाल काचेची खबर. किल्ली फिरवली की तिच्यामागचा दिवा लागतो. किक मारून इंजिन चालू झालं आणि जरा फिरायला लागलं, की तो विझला पाहिजे. त्याचं एक टोक बॅटरीकडं असतं, दुसरं डायनामोकडं. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या बरोबरीला आलं की दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिव्यातून वाहायला काही उरत नाही. विझला तर डायनामो जिवंत आहे. लागूनच राहिला तर डायनामोपासून पुढं शोध घ्यायचा. मिणमिणत राहिला तर मधे कुठंतरी व्होल्टेज मुरतंय. मामाचं निदान इथून सुरू व्हायचं, आणि या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो पान्ह्याला हात लावायचा नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात, एका गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं आर्मेचर वाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूला लेथ, फाउंड्रीचं बिडाचं काम, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, दिवसभर खडखडाट. मामाचं काम मात्र बिनआवाजाचं. जळक्या आर्मेचरमधली जुनी तांब्याची तार उलगडायची, खाचा साफ करायच्या, नवा इन्शुलेशन पेपर घालायचा, वेढे मोजत नवी तार भरायची, टोकं कॉम्युटेटरला डाग द्यायची, मग सगळं वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायचं. त्या वार्निशचा वास त्याच्या शर्टाला कायम असायचा. मामी सणासुदीलाही त्या वासाबद्दल कुरकुरायची. मला तो आवडायचा. आजही कुठं मोटर वाइंडिंगच्या दुकानावरून गेले की पाय थबकतात.

सुट्टीत मी आजोळी असले की दिवसभर दुकानातच. मला दिलेलं काम म्हणजे ग्राउलरवर पातं धरायचं. ग्राउलर म्हणजे वर व्ही आकाराची खाच असलेलं एक विद्युतचुंबक. त्या खाचेत आर्मेचर ठेवायचं, वीज सोडायची. चुंबक गुणगुणायला लागतं. मग हॅक्सॉचं जुनं पातं आर्मेचरच्या पाठीवर अलगद धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवत न्यायचं. वेटोळी धड असतील तर पातं गप्प राहतं. आत कुठं दोन वेढ्यांमधलं इन्शुलेशन जळून ते एकमेकांना चिकटले असतील, तर त्या खाचेवर येताच पातं खडखडायला लागतं आणि बोटांना मुंग्या आल्यासारखं होतं. पहिल्यांदा ते खडखडलं तेव्हा मी दचकून पातं सोडून दिलं होतं. मामा म्हणाला, “भ्यायचं न्हाई. ते तुला सांगालंय, ऐकून घे.”

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रँटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली प्रागमध्ये ती कंपनी काढली. आपल्याकडं सुरुवातीला या गाड्या बाहेरून यायच्या. मग इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून त्या तिथंच बनायला लागल्या. याच कारखान्यातून पुढं येझदी आली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, आणि नवा डायनामो, नवा रेग्युलेटर मागवायची सोय हळूहळू आटत गेली. तेव्हापासून मामाकडं लांबलांबून गाड्या यायला लागल्या. धंद्याला बरकत आली, पण तो त्या बंद कारखान्याविषयी घरातलं कुणी गेल्यासारखा बोलायचा. त्याच्या स्वतःकडं साठच्या दशकातली जावा २५० होती, मरून रंगाची, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमच्या पट्ट्या असलेली.

या गाडीचं सगळं विजेचं काम सहा व्होल्टचं. इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढलं की क्रँकच्या टोकावरच बसवलेलं आर्मेचर दिसतं, भोवती फील्डची वेटोळी, आर्मेचरच्या कॉम्युटेटरवर घासणारे कार्बन, आणि तिथंच इग्निशनचे पॉइंट. हा डायनामो जेमतेम ४५ वॅटचा. त्यात हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, इग्निशन कॉइल भागवायचं आणि उरलेलं बॅटरीत भरायचं. हाताशी फार शिल्लक नसते, म्हणून कुठं सांडून चालत नाही.

मामाला सहा व्होल्ट आवडायचे ते याचसाठी. बारा व्होल्टच्या गाडीत हलगर्जीपणा खपून जातो, सहात तो लगेच दिसतो, असं तो म्हणायचा, आणि त्यात नुसती भावना नव्हती, हिशोब होता. गंजलेल्या एखाद्या जोडात ओहमचा दहावा भाग अडथळा आहे असं धरू. सहा व्होल्टवर ४० वॅट खेचायचे तर जवळजवळ सात अँपिअर वाहावे लागतात. त्या जोडात पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. तेवढाच उजेड बारा व्होल्टवर घ्यायचा तर प्रवाह निम्मा, म्हणून त्या जोडातलं नुकसानही निम्मं, आणि तेही बारामधून. इकडं सहातला आठवा-नववा हिस्सा गेलेला असतो. बल्बचं तर आणखी अवघड. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी पडतो. पन्हाळ्याच्या घाटात रात्री हे डोळ्यांना दिसायचं. वळणावर इंजिन मंदावलं की समोरचा रस्ता पिवळा, मग तांबूस व्हायचा. मामा गिअर खाली टाकून इंजिन फिरवायचा आणि उजेड परत भरून यायचा. मागं बसून मी त्याच्या खांद्यावरून तो उजेड बघत असायची. ज्योतिबाच्या डोंगराकडून येणारा वारा, टू-स्ट्रोकचा तो तुटक आवाज आणि पुढं श्वास घेणारा रस्ता, एवढ्यासाठी मी अख्खं वर्ष सुट्टीची वाट बघायची.

दिव्यानंतर बॅटरी. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन खाने, प्रत्येकात दोन व्होल्टहून थोडं जास्त. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवते. मामा मीटरवर भागवायचा नाही; हायड्रोमीटरनं तिन्ही खान्यांचं अॅसिड उचलून बघायचा. दोन खाने १२६० च्या वर आणि तिसरा मागं राहिला असेल तर तो डायनामोकडं वळायचाच नाही. “आजारी पोटाला कितीबी जेवण वाढा,” एवढं म्हणून बॅटरी बाजूला ठेवायचा. बॅटरी चांगली निघाली तर इंजिन चालू करून मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना. मंद चालीवर आकडा फारसा हलत नाही, ते ठीक. अॅक्सिलरेटर दिला की तो चढून सातच्या आसपास थांबला पाहिजे. सहालाच चिकटून राहिला तर भरणा नाही. आठाकडं निघाला तर रेग्युलेटर आवरत नाही. अॅसिड उकळणार, बल्ब उडणार. चढत्या आकड्यात एका क्षणी रेग्युलेटरच्या डब्यातून बारीक ‘टक्’ ऐकू यायचं. डायनामो बॅटरीच्या पुढं गेला आणि कटआउटनं दोघांना जोडलं, त्याचा तो आवाज. स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला आणि मूठ कानाला लावून मामा तो ऐकायचा. आकडा सहावरच असला आणि टक् झालं नाही, की मग डायनामो उघडायचा.

उघडल्यावर बहुतेक वेळा दिसायचं ते तेल. क्रँकचं उजवीकडचं सील गळतं, तेल कॉम्युटेटरवर येतं, कार्बनचा भुगा त्यात मिसळून काळा चिखल होतो. कार्बन घरात अडकून बसतात, स्प्रिंग त्यांना पुढं ढकलू शकत नाही. पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसायचं, कॉम्युटेटरला बारीक काचकागद लावायचा. एमरी कधीच नाही. तिचे कठीण कण तांब्यात रुततात आणि कार्बन खात राहतात. तांब्याच्या पट्ट्यांच्या मधला अभ्रक वर आला असेल तर हॅक्सॉच्या पात्याचा घासून पातळ केलेला तुकडा घेऊन तो एकेका फटीतून खरवडायचा. हे काम मामा मला द्यायचा. माझी बोटं बारीक होती आणि मला घाई नसायची.

कधी सगळं स्वच्छ, सगळं जोडलेलं, तरी डायनामो शून्य. फार दिवस उभ्या असलेल्या गाड्यांचं असं होतं. डायनामोला सुरुवातीला स्वतःचं थोडं चुंबकत्व लागतं, फील्डच्या लोखंडात मागच्या वेळचं राहून गेलेलं. त्या इवल्याशा चुंबकत्वावर पहिली वीज तयार होते, ती फील्डला मिळते, चुंबक वाढतं, वीज वाढते. मूळचं तेवढंही विरून गेलं असेल तर आर्मेचर कितीही फिरवा, काही निघत नाही. मामा बॅटरीची वायर फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवायचा, बारीक ठिणगी पडायची, बस. पुढच्या किकला लाल दिवा विझायचा. गाडीचे मालक त्याच्याकडं बघत राहायचे. मामा अशा कामाचे पैसे घ्यायचा नाही.

रेग्युलेटरचं झाकण काढलं की मात्र मला मागं सरकायला लागायचं. आत एक वेटोळं, त्यावर हलणारी पत्री, तिला ओढून धरणारी चिमुकली स्प्रिंग, आणि स्प्रिंग अडकवलेला वाकडा कान. तो कान केसभर वाकवला की व्होल्टेज बदलतं. मामा नोज प्लायरनं तो धरायचा, श्वास रोखायचा, मनगट हलल्याचं दिसायचंही नाही आणि मीटरवरचा काटा पावभर सरकलेला असायचा. मी हात पुढं केला की तो म्हणायचा, “हे मागनं. आदी सांधे वळखायला शीक.”

सांध्यांवर त्याचा फार विश्वास होता. कुणी ‘रेग्युलेटर गेला’, ‘डायनामो गेला’ म्हणत आलं तर तो वैतागायचा. “पार्ट एकदम कवा मरत न्हाई पोरी. सांधा कुजतोय, आणि नाव पार्टाचं खराब हुतंय.” एवढ्या वर्षांत मला याहून खरं बोलणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

नोकरीसाठी मी पुण्याला आले, मामा थकत गेला. आधी साखर, मग डोळे. वाइंडिंगची तार दिसेना तसं काम सुटलं. दुकान रिकामं करावं लागलं. ग्राउलर, भट्टी, वार्निशची पिंपं भंगारवाल्यानं वजनावर नेली. तोवर आर्मेचर कुणी भरून घेत नव्हतं, तेव्हा त्या सामानाला तरी दुसरं कोण गिऱ्हाईक मिळणार होतं. २०१८ च्या शेवटी नवी जावा बाजारात आली, तेव्हा मामेभाऊ त्याला शोरूममध्ये घेऊन गेला. मामा गाडीवरून नुसता हात फिरवत राहिला म्हणे. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो गेला. मी पोचले तेव्हा त्याला बाहेर आणून ठेवलं होतं. शर्ट बदललेला होता. वास नव्हता.

जावा पत्र्याच्या आडोशाला तशीच उभी राहिली. मग मामेभावानं ती खोलायला काढली. सगळी सुटी करून चासीचा गंज घालवला, पावडर कोटिंग करून घेतलं, अगदी तोच मरून. टाकीच्या पट्ट्यांना नवं क्रोम, नवी सीट, नवी वायरिंग. त्यानं पगारातले किती पैसे घातले ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. वर्षश्राद्धाला ती दारात उभी होती, आणि मामी तिच्याकडं बघून उंबऱ्यातच बसली.

गाडी चालायची, पण काही दिवसांत बॅटरी उतरायची. बॅटरी बदलली, तीही उतरली. दाखवलं तिथं सगळ्यांनी एकच सांगितलं: हे सहा व्होल्टचं काढून टाका, बारा करा, इलेक्ट्रॉनिक बसवा. तसे किट मिळतात, चांगले चालतात, सांगणाऱ्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. मामेभावानं मला फोन केला. मी विचारलं, “दिवा विझतोय का?” विचारल्यावर पुढचं बोलायला मला जरा वेळ लागला. त्यालाही.

“विझतोय की, आक्का. तीच तर गंमत. दिवा विझतोय, हॉर्न वाजतोय, लाइट तर नको तेवढा लागतोय.”

मी कोल्हापूरला गेले. बॅटरीचे तिन्ही खाने सारखे, पण अर्धवट भरलेले. गाडी बंद असताना ६.१. इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर दिला, दिवा विझला, डब्यातून टक् ऐकू आलं, आणि मीटर ६.२ वर. म्हणजे डायनामो देतोय, कटआउट जोडतोय, आणि बॅटरीत काही पोचत नाही. मग मामा करायचा तसं केलं. एक पिन बॅटरीच्या जिवंत टोकाला तशीच ठेवली आणि दुसरी बॅटरीवरून काढून इंजिनाच्या फिनवर टेकवली. मीटर साडेसातच्या जवळ. मग पहिली पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावली, दुसरी फिनवरच. इथं जवळजवळ काही दिसायला नको. सव्वा व्होल्ट दिसत होता. तिथंच सगळं मुरत होतं.

अर्थची वायर चासीला बोल्टनं घट्ट आवळलेली होती. नवी कोरी वायर, नवा कोरा बोल्ट, आणि दोघांच्या खाली तो मरून रंग. पावडर कोटिंग विजेला अडवतं. बोल्टच्या आट्यांतून कुठंतरी लोखंड टेकत होतं, तेवढ्यावर गाडी चालत होती. ज्या रंगासाठी त्यानं एवढं केलं, तोच बापाच्या गाडीच्या बॅटरीपर्यंत वीज जाऊ देत नव्हता. त्याला हे कसं सांगायचं ते मला कळेना. मी मीटरच्या पिना त्याच्या हातात दिल्या आणि कुठं टेकवायच्या ते दाखवलं. त्यानं आकडा वाचला, बोल्टकडं पाहिलं, रंगाकडं पाहिलं. मग आत जाऊन काचकागद घेऊन आला.

“घास,” तो म्हणाला. “आण्णांनी रंग बघितला नसता. सांधा बघितला असता.”

आम्ही रुपयाएवढी जागा उघडी केली. खाली लोखंड चकचकीत होतं, त्याची सफाईही त्यानंच केलेली. दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिनचा हात दिला, म्हणजे गंज धरणार नाही. रेग्युलेटर बसतो तिथलाही रंग काढला. इंजिन चालू केलं. आकडा चढला, सातपर्यंत गेला. मामी दाराशी येऊन उभी होती. तिला मीटरमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, “आवाज त्यांचाच यायलाय.”

गाडी आता थोडे दिवस माझ्याकडं असते, थोडे दिवस त्याच्याकडं. बॅटरी उतरत नाही. पण ती पूर्ण भरली की लांबच्या रस्त्यावर मीटर सातवर थांबत नाही, साडेसातच्याही पुढं सरकतो. गाडी सुटी करताना रेग्युलेटरमधल्या त्या कानाला कुठंतरी धक्का लागला असणार. एवढ्या व्होल्टेजला खान्यांतून बुडबुडे येतात, पाणी लवकर आटतं. मी डिस्टिल्ड वॉटर जवळ ठेवते, आणि दिवसासुद्धा हेडलाइट लावून चालवते, म्हणजे वरचा भार बल्ब खातो. समोरून येणारे हाताची बोटं उघडमीट करून दिवा चालू असल्याचं सांगतात. मी मान डोलावते.

आर्मेचर कसं ऐकायचं, अभ्रक कसा खरवडायचा, सांधा कसा ओळखायचा, हे मामानं मला दिलं. लिहून त्यानं काहीच ठेवलं नाही. त्या कानाला किती आणि कुठल्या बाजूला वाकवायचं, पॉइंटमधली फट आधी बघायची की स्प्रिंग, गरम इंजिनावर करायचं की गार, हे ‘मागनं’ सांगायचं राहिलं. मोडीत निघालेला एक रेग्युलेटर मी जुन्या बाजारातून आणला आहे आणि रविवारी त्याच्यावर हात बसवते. कान वाकवते, मोजते, परत वाकवते. पातळ पत्रा आहे, फार वेळा वाकवला की तुटणार. मामा शेजारी असता तर एका संध्याकाळचं काम होतं ते.